बालकाची साक्ष आणि घरची भाषा

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन अरण्यबहुल जिल्ह्यांतून निघालेले दोन खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि देशाच्या कायद्याच्या इतिहासात त्यांना स्थान मिळाले. पहिला देसाईगंजचा, १९७२ सालच्या घटनेचा. दुसरा गडचिरोलीच्या सत्र न्यायालयातून गेलेला, २०२१ साली अखेर निकाली निघालेला. दोन्हींत पीडित व्यक्ती आजच्या कायद्याच्या दृष्टीने बालक होती, आणि दोन्हींत वाद शेवटी एकेका शब्दाच्या अर्थापाशी येऊन ठेपला. पहिल्यात तो शब्द ‘संमती’ हा होता, दुसऱ्यात ‘स्पर्श’ हा. बाल-लैंगिक अत्याचाराचा विचार सामान्यतः वैद्यक, विधी आणि मानसशास्त्र या शास्त्रांकडे सोपविला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु मूल आपल्या आईजवळ पहिला शब्द उच्चारते तेथपासून तो शब्द न्यायालयाच्या कागदावर उमटेपर्यंतचा प्रवास भाषेचाच असतो. कुटुंबाला मुलाचे रक्षण करावयाचे असो वा आघातातून त्याला सावरावयाचे असो, दोन्ही कामांचा आरंभ घरच्या बोलण्यात होतो. हा शब्द वाटेत कोठे कोठे हरवतो आणि तो न हरवावा म्हणून काय करता येते, याची छाननी प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

मौनाचा अर्थ

देसाईगंज हे गाव १९७२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात होते. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. घटनेतील मुलगी आदिवासी, आईबापाविना वाढलेली, मोलमजुरी करून भावाजवळ राहणारी. तिच्यासंबंधी भावानेच तक्रार दिल्यामुळे २६ मार्च १९७२ च्या रात्री तिला व संबंधित इतरांना चौकीत जबाबासाठी बोलावण्यात आले. जबाब आटोपल्यावर इतरांना जाऊ देण्यात आले. तिला थांबवून घेण्यात आले. पुढील अत्याचाराचा आरोप चौकीतील दोन पोलिसांवर होता. दुसऱ्या दिवशी तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी तिचे वय १४ ते १६ वर्षांच्या दरम्यान असावे असा अभिप्राय दिला.

हे प्रकरण आजही त्या मुलीच्या नावाने ओळखले जाते. निकालपत्राचे अधिकृत शीर्षक मात्र आरोपीच्या नावाने आहे. लोकव्यवहाराने आरोपीचे नाव विसरून मुलीचे तेवढे लक्षात ठेवावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. याच प्रकरणामुळे १९८३ मध्ये कायद्यात बदल झाला आणि त्याच बदलाने पीडितेची ओळख उघड करणे हा अपराध ठरविला. म्हणून येथे ‘देसाईगंज प्रकरण’ एवढेच म्हणणे उचित होय.

सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना निर्दोष सोडले. शरीरसंबंध सिद्ध होणे वेगळे आणि बलात्कार सिद्ध होणे वेगळे, असा त्या निकालाचा आशय होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये तो निकाल फिरविला आणि भयाने पत्करलेल्या निष्क्रिय शरणागतीला संमती म्हणता येत नाही, असे स्पष्ट केले. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द करून आरोपींना पुन्हा निर्दोष ठरविले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड केल्याचा पुरावा नाही, म्हणजे प्रतिकार नव्हता, हा त्यातील मुख्य युक्तिवाद होता.

‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन मराठी माणसाच्या तोंडी सहज असते. मैत्रीच्या किंवा सोयरिकीच्या बोलण्यात ते चालूनही जाते, कारण तेथे नकार देणाऱ्याला नकाराची किंमत मोजावी लागत नाही. मौनाला स्वतःचा असा अर्थ नसतो. बोलणाऱ्या दोघांमधील अधिकाराचे नाते, स्थळ आणि वेळ यांवरून तो ठरतो. रात्री, बंद चौकीत, पोलिसासमोर उभ्या असलेल्या मजूर मुलीचे मौन आणि बरोबरीच्या माणसासमोरचे मौन ही दोन निराळी विधाने आहेत. शिवाय ही मुलगी गप्प राहिलीच नव्हती. चौकीबाहेर लोक जमले होते आणि बाहेर येताच तिने आपल्यावर काय गुदरले ते त्यांना सांगितले. आतले मौन निर्णायक ठरले व बाहेरचे बोलणे हलके ठरले. आदिवासी समाजाविषयी, विशेषतः गोटुलाविषयी, नागर वर्गात रूढ असलेल्या मोकळिकीच्या कल्पनाही अशा वेळी मुलीच्या विरुद्ध उभ्या राहतात. त्या कल्पना वर्णनाच्या नावाखाली साक्षीची किंमत कमी करतात.

१६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार विधी-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शरणागती आणि संमती यांतील भेद हाच त्या पत्राचा गाभा होता. देशभर आंदोलन उभे राहिले. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील अत्याचाराच्या खटल्यात ‘संमती नव्हती’ असे स्त्रीने सांगितल्यास न्यायालयाने तसे गृहीत धरावे, अशी तरतूद आली. २०१३ मध्ये संमतीची व्याख्याच कायद्यात घालण्यात आली व केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येणार नाही, हे लेखी झाले. एका चौकीतील मौनाचा योग्य अर्थ लावावयास देशाला चाळीस वर्षे लागली, असे म्हणावयास हरकत नाही.

या खटल्यातील आणखी एक बाजू कुटुंबांच्या दृष्टीने आजही महत्त्वाची आहे. त्या वेळी सोळा वर्षांखालील मुलीची संमती कायद्याने निरर्थक होती. पण ती सोळा वर्षांखालील आहे हेच न्यायालयात सिद्ध होऊ शकले नाही. जन्माची नोंद असती तर संमतीचा सारा खल टळला असता. आज ही वयोमर्यादा अठरा आहे. वय ठरविताना प्रथम शाळेचा दाखला, तो नसल्यास ग्रामपंचायतीचे वा नगरपालिकेचे जन्मप्रमाणपत्र, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी, असा क्रम कायद्याने घालून दिला आहे. घरी बाळंतपण झाले, नोंद राहिली, पुढे शाळेत अंदाजाने तारीख घातली गेली, असा प्रकार दुर्गम गावांत अपरिचित नाही. जन्मनोंदीचा कागद सांभाळणे हाही बालरक्षणाचाच एक भाग होय.

कृत्याची नावे

मराठीत या अपराधाला जी रूढ नावे आहेत त्यांकडे बारकाईने पाहावे. ‘अब्रू जाणे’, ‘इज्जत लुटणे’, ‘विनयभंग’, ‘अतिप्रसंग’. ‘अब्रू’ हा शब्द फारसीतून आलेला. मूळ अर्थ चेहऱ्याचे पाणी, म्हणजे तेज. या सर्व शब्दप्रयोगांत जे जाते, भंगते किंवा लुटले जाते ते पीडितेचे असते, आणि बहुधा तिच्यापेक्षाही तिच्या घराचे. कृत्य करणारा वाक्यातून निसटतो. ‘तिची अब्रू गेली’ या वाक्याला कर्ता शोधूनही सापडत नाही. घरात वर्षानुवर्षे हीच भाषा ऐकलेले मूल स्वतःवर प्रसंग ओढवल्यावर साहजिकच असे समजते की, सांगितले तर जाईल ते घरचे जाईल. त्याचे मौन निर्बुद्ध नसते. मोठ्यांनी शिकविलेल्या व्याकरणाला ते धरून असते.

मुलग्याची स्थिती याहून कठीण. अब्रू, विनय हे शब्द भाषेने स्त्रीसाठी राखून ठेवले असल्यामुळे मुलग्यावरील अत्याचाराला घरात नावच नसते. फार तर ‘खोडी काढली’, ‘मस्करी केली’ असे म्हणून तो विषय मिटतो. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले, आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण निम्म्याहून किंचित अधिक होते. १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आलेल्या ‘लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२’ या कायद्याने, जो लोकांत ‘पोक्सो’ म्हणून ओळखला जातो, ‘बालक’ हा एकच शब्द मुलगा व मुलगी या दोघांसाठी वापरला. घरगुती भाषा अद्याप तेथवर पोचलेली नाही. वर दिलेल्या नावांच्या मानाने ‘अत्याचार’ हा शब्द बरा, कारण तो आचार करणाऱ्याकडे बोट दाखवितो.

‘स्पर्श’ या शब्दाचा खटला

जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाचे दोन निकाल चार दिवसांच्या अंतराने आले. त्यांपैकी एक गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये दिलेल्या शिक्षेविरुद्धच्या अपिलाचा होता. पीडित मुलगी पाच वर्षांची होती. तिचा हात धरणे इत्यादी कृत्ये कायद्यातील ‘लैंगिक हल्ला’ या व्याख्येत बसत नाहीत, असे तेथे म्हटले गेले. दुसऱ्या, नागपूरच्या प्रकरणात, वस्त्रावरून केलेला स्पर्श हा त्या व्याख्येतील स्पर्श नव्हे, त्वचेचा त्वचेशी संबंध यावयास हवा, असा अर्थ लावण्यात आला. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही निकाल रद्द केले. शब्दाचा असा संकुचित अर्थ कायद्याचा हेतूच नष्ट करतो. लैंगिक हेतू हा निर्णायक घटक होय, वस्त्र मध्ये होते की नव्हते हा नव्हे, असे न्यायालयाने सांगितले.

अर्थविचाराच्या अभ्यासकाला हा वाद नवा नाही. शब्दाचा अर्थ कोशातून घ्यावा की प्रयोगातून, हाच तो जुना प्रश्न. पाच वर्षांच्या मुलाला ‘हात लावला’ एवढेच सांगता येते. त्या दोन शब्दांमागील हेतू शोधणे हे प्रौढांचे काम. ते मुलाने भाषेत मांडून द्यावे ही अपेक्षा अवाजवी होय.

‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ ही शाळांतून शिकविली जाणारी जोडीही या दृष्टीने तपासून पाहावी. ओळखीचा माणूस खाऊ देतो, जवळ घेतो. तो स्पर्श मुलाला प्रथम वाईट वाटतोच असे नाही. पुढे ‘वाईट’ या विशेषणाची छाया मुलाच्या स्वतःवर पडते: वाईट गोष्ट घडली आणि आपण ती घडू दिली. याऐवजी कोणत्या जागेला कोण, केव्हा, कशासाठी हात लावू शकतो हे नियमाच्या रूपात सांगणे बरे. आंघोळ घालताना आई, तपासताना डॉक्टर आणि तेव्हा घरचे माणूस जवळ. इतरांनी लावला तर तो त्या माणसाने मोडलेला नियम. मोडणारा कोण, हे वाक्यातच स्पष्ट राहते.

घर, नाती आणि वसतिगृह

अत्याचार करणारा बहुधा अनोळखी नसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत बालकांवरील बलात्काराच्या नोंदींत दहापैकी नवांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असल्याचे वर्षानुवर्षे दिसते. मराठी घरात ओळखीच्या प्रत्येक पुरुषाला नात्याचे नाव लावले जाते: काका, मामा, दादा, आजोबा. ही रीत गोड आहे. परंतु नात्याच्या नावाबरोबर आज्ञापालनाचे कर्तव्यही मुलाच्या गळ्यात पडते. ‘मामांचं ऐकावं’, ‘काकांना पापा दे’ ही वाक्ये निरुपद्रवी वाटतात, आणि बहुधा असतातही. पण मुलाने ‘नको’ म्हटल्यावर ते ‘नको’ घरात मानले जाते की हसून मोडले जाते, यावरून त्याच्या नकाराला किंमत आहे की नाही हे त्याला कळते. घरात ज्याचा नकार चालत नाही त्याने घराबाहेर तो वापरावा अशी अपेक्षा कशी करावी?

शरीराच्या अवयवांना नावे नसणे हीही तितकीच मोठी अडचण. गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. राणी बंग यांनी दोन खेड्यांतील स्त्रियांची पाहणी केली, ती १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा विकार आढळला. त्यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र फारच थोड्या होत्या. विकार होता, तो सांगण्याची वाट नव्हती. स्त्रियांकडूनच त्यांचे शरीराविषयीचे शब्द व समजुती समजून घेण्याचे त्या कामाचे वळण आणि पुढे किशोरवयीनांसाठी चालविलेली ‘तारुण्यभान’ शिबिरे हा या जिल्ह्यातलाच अनुभव आहे. प्रौढ स्त्रीची ही स्थिती, तर सहा वर्षांच्या मुलाने ‘तिथं’, ‘खाली’, ‘शू’ एवढ्या शब्दांत न्यायालयाला पटेल असे निवेदन करावे हे कसे घडावे? अवयवाचे बोलीतील साधे, शिवी नसलेले नाव आईने आंघोळीच्या वेळी सहज उच्चारले तरी मुलाला ते पुरते.

रानातल्या वर्षाचे वेळापत्रकही ध्यानात घेतले पाहिजे. मार्च-एप्रिलात मोहफूल, मे महिन्यात तेंदूपान. अनेक कुटुंबे मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात. त्या दिवसांत मूल आजीजवळ, शेजाऱ्याजवळ किंवा एकटे मागे राहते. कोणाजवळ ठेवावयाचे याचा विचार घरात होतोच. परतल्यावर मुलाला ‘त्रास दिला नाहीस ना?’ असे विचारण्याऐवजी ‘तुला तिथं कसं वाटलं?’ असे विचारण्याची सवय क्वचित असते. पहिला प्रश्न मुलाच्या वर्तनाचा हिशेब मागतो, दुसरा त्याच्याकडून बातमी घेतो.

वसतिगृहात ही बातमी घेण्याची वाटच तुटते. एप्रिल २०१९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका खाजगी शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले. मुलींना भोवळ येऊ लागली, त्यांना रुग्णालयात नेण्यात आले आणि तेथील डॉक्टरांना शंका आली. शब्दांच्या आधी शरीर बोलले. पोटदुखी, झोपेत दचकणे, पुन्हा अंथरुण ओले करणे, एखाद्या माणसाचे नाव निघताच गप्प होणे, सुटीनंतर परत जाण्यास हट्टाने नकार देणे, ही लक्षणे अन्य कारणांनीही दिसतात. पण एकाएकी आणि एकत्र दिसू लागली तर ती निवेदनाच्याच जागी धरावीत. त्याच काळात, नुकसानभरपाईच्या पैशासाठी आदिवासी पालक पुढे येत आहेत, अशा आशयाची वक्तव्ये जबाबदार स्थानांवरील व्यक्तींकडून झाली व त्यांचा तीव्र निषेध झाला. तक्रार करणाऱ्याला लोभी ठरविणारे एक वाक्य गावोगावच्या किती आईबापांना गप्प बसवीत असेल, याची गणना कोणत्याही अहवालात सापडणार नाही. आठवड्यातून एकदा घरच्या बोलीत, अधीक्षकाच्या कानाआड, फोनवर बोलण्याची सोय मुलांना मिळावी असा आग्रह पालकसभेने धरला तर तो क्षुल्लक समजू नये.

पहिले ऐकणे

मूल सांगते ते बहुधा एकदम आणि पूर्ण सांगत नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रोलंड समिट यांनी १९८३ मध्ये दाखविले की, गुप्तता, असहायता, परिस्थितीशी जुळवून घेणे, उशिरा व अपुरे सांगणे आणि सांगितलेले मागे घेणे, असा क्रम या मुलांत वारंवार दिसतो. म्हणून उशिराचे सांगणे खोटे आणि मागे घेतलेले सांगणे कबुली, हे दोन्ही समज टाकून द्यावयास हवेत. आरोपी घरचा मिळवता माणूस असेल तर मुलाच्या माघारीमागे घरातील चुलीचा प्रश्न असतो.

ऐकणाऱ्याने प्रश्न कसे विचारावेत याविषयी मराठीची काही विशेष अवधाने आहेत. वाक्याच्या शेवटी येणारा ‘ना’ उत्तर आधीच ठरवून टाकतो: ‘त्यानं तुला हात लावला ना?’ मूल मोठ्यांना आवडेल असे ‘हो’ म्हणते, आणि पुढे तेच ‘हो’ बचावपक्षाच्या हाती सापडते. लॉस एंजलिसजवळच्या मॅकमार्टिन बालवाडीचे प्रकरण १९८३ पासून १९९० पर्यंत चालले आणि कोणालाही शिक्षा न होता संपले. मुलांना विचारलेले सूचक प्रश्न हे त्याच्या अपयशाचे एक मोठे कारण होते. तसाच ‘का’. ‘तू तिथं का गेलीस?’, ‘आधी का नाही सांगितलंस?’ यांत व्याकरण प्रश्नाचे असते, अर्थ दोषारोपाचा असतो. ‘मग काय झालं?’ आणि ‘अजून सांग’ ही दोन वाक्ये बहुतेक वेळा पुरतात. त्यानंतर तीन गोष्टी मुलाने ऐकणे आवश्यक असते: तुझे मला खरे वाटते, यात तुझा दोष नाही, आणि आता पुढचे आम्ही पाहतो. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळविली पाहिजे, असे पोक्सोचे कलम १९ सांगते; न कळविणे हा प्रौढाच्या बाबतीत अपराध आहे. गावात दंड बसवून प्रकरण मिटविण्यास कायद्याने वाव नाही. १०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी, १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेला व २०२३ पासून शासनाच्या यंत्रणेकडे आलेला, यासाठीही उपयोगी पडतो.

बोलीतून कागदावर

येथून पुढे मुलाचा शब्द परक्या हाती जातो. भामरागड, एटापल्लीच्या बाजूस माडिया व गोंडी, सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीतील वसाहतींत बंगाली, छत्तीसगडच्या सीमेवर छत्तीसगढी, देसाईगंज-ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात झाडीबोली. आणि ठाण्यातील कागद प्रमाण मराठीत. पाणी म्हणताना ‘पानी’ म्हणणाऱ्या सात वर्षांच्या मुलीच्या जबाबात ‘सदर इसमाने मनास लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य केले’ असे वाक्य आढळले, तर ते तिचे नाही हे कोणीही ओळखील. उलटतपासणीत मात्र तेच वाक्य तिच्यापुढे ठेवून ‘हे तू सांगितलेस काय?’ असे विचारले जाते.

माडिया-गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा. मराठीची लिंगे तीन. गोंडीत पुरुषवाचक आणि पुरुषेतर असे दोनच वर्ग, आणि स्त्री दुसऱ्या वर्गात मोडते. मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला ‘ने’ लागतो. तसा प्रत्यय गोंडीच्या रचनेत नाही. त्यामुळे आश्रमशाळेत नुकतीच मराठी शिकू लागलेली मुलगी बोलताना ‘ती’ व ‘ते’ यांत घोटाळा करील किंवा ‘ने’ गाळील, आणि कोणी कोणाला काय केले हेच वाक्य संदिग्ध होईल. ही विसंगती तिच्या आठवणीतली नसून दोन व्याकरणांच्या सांध्यावरची आहे, हे न्यायालयापुढे सांगण्यास भाषातज्ज्ञाखेरीज दुसरा कोण येणार? काळाचेही तसेच. ‘मोहफूल वेचायच्या वेळी’ हा मुलाचा अचूक कालनिर्देश असतो. तारीख विचारली की ते अंदाजाने काहीतरी सांगते आणि खोटे ठरते.

कायदा या बाबतीत व्यवहाराच्या पुढे आहे, हे नमूद केले पाहिजे. जबाब मूल बोलेल तसाच, त्याचा विश्वास असलेल्या व्यक्तीच्या समक्ष लिहावा. तो त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो स्त्री उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यावा. रात्री मुलाला ठाण्यात ठेवू नये. गरज असेल तेथे दुभाषी द्यावा, शक्य तर ध्वनिचित्रमुद्रण करावे. देसाईगंजच्या चौकीतील त्या रात्रीला ओळीओळीने दिलेले हे उत्तर वाटते. मात्र दुभाषी म्हणून त्याच गावचा, आरोपीच्या नात्यातला माणूस बसविला तर तरतूद कागदावरच राहते. माडिया, गोंडी व झाडीबोलीतील अवयव, स्पर्श, वस्त्र, दिशा आणि काळ यांच्या शब्दांची विश्वसनीय सूची तयार करून ती दुभाष्यांच्या प्रशिक्षणात आणणे हे काम कोणत्याही विद्यापीठीय भाषाविभागाच्या आवाक्यातले आहे. पदव्युत्तर प्रबंधासाठी विषय मिळत नाहीत, ही तक्रार त्यापुढे फारशी टिकणारी नाही.

सावरणे

मूल कितपत सावरते हे घटनेच्या तीव्रतेइतकेच, सांगितल्यानंतर घरच्यांनी विश्वास ठेवला की नाही यावर अवलंबून असते, असे या विषयावरील अभ्यास सातत्याने सांगतात. म्हणून आईला किंवा सांभाळणाऱ्या व्यक्तीला आधार देणे हा मुलाच्या उपचाराचाच भाग मानला जातो. तिलाही धक्का बसलेला असतो. ‘मला कसं कळलं नाही’ हा प्रश्न तिला छळतो, आणि तिच्या रडण्याचा अर्थ ‘मी आईला दुखावले’ असा मूल लावते. बाल कल्याण समिती मुलाला तपास व खटल्याच्या काळात साहाय्यक व्यक्ती देऊ शकते. २०१३ पासून राज्यात मनोधैर्य योजना आहे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत अर्थसाहाय्य मिळते. हे पैसे मागणे लाजिरवाणे नाही, तो मुलाचा हक्क होय. वैद्यकीय तपासणीस घाबरून उपचार टाळू नयेत. कौमार्य पाहणारी जुनी बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अमान्य केली व २०२२ मध्ये पुन्हा निषिद्ध ठरविली.

घरात मात्र तीन घाई होतात. मुलीची शाळा बंद करणे, तिचे लग्न लवकर उरकणे, आणि विषय पुन्हा काढावयाचा नाही असे ठरविणे. पहिल्या दोहोंनी शिक्षा मुलीला होते. तिसरीने ती घटना पुन्हा गुपितात ढकलली जाते. याच्या उलट टोकाला, येणाऱ्या प्रत्येक नातलगापुढे तिला ते सांगावयास लावणे हेही तितकेच घातक. शाळा, खेळ, जेवणाची ठरलेली वेळ, भावंडांशी भांडणे यांची नित्याची घडी पुन्हा बसू देणे, आणि मूल आपण होऊन बोलेल तेव्हा हातातले काम बाजूला ठेवून ऐकणे, एवढे बहुतेक घरांना जमण्यासारखे आहे. झोप उडाली, खाणे सुटले, स्वतःला इजा करण्याचे बोलणे निघाले, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाकडे विलंब न लावता न्यावे. मुलाच्या वाढीबरोबर प्रश्नही वाढतात. सातव्या वर्षी ‘त्या माणसाने नियम मोडला’ हे उत्तर पुरते; चौदाव्या वर्षी, शरीराविषयीचे नवे शब्द कळू लागल्यावर, तेच मूल तीच घटना नव्याने समजून घेऊ लागते आणि पुन्हा विचारते. त्या वेळी घरच्यांना अधिक मोठ्या माणसाशी बोलावे तसे बोलावे लागते.